गोव्यात भाड्यासाठी घर घेताना: आधी कागद, मग पावसाळ्याचा हिशेब

गोव्यात गुंतवणुकीचे घर बघायला लोक बहुधा डिसेंबरात येतात. कळंगुटचा रस्ता गाड्यांनी तुंबलेला, हॉटेलांचे दर आभाळाला टेकलेले. ब्रोकर नाताळच्या आठवड्यातले एका रात्रीचे भाडे दाखवतो, त्याला तीसने गुणतो आणि मग बाराने. गुणाकारात खोट नसते. ज्या रात्रीपासून हिशेब सुरू झाला तिच्यात असते.

पहिल्यांदाच भाड्यासाठी घर घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मग ते पुण्या-मुंबईचे असोत, सावंतवाडीचे असोत, की फोंड्यात राहून पर्वरीला फ्लॅट बघणारे असोत. स्वतः राहायला घर घेताना मन थोडे सैल सोडले तर चालते. भाड्यासाठी घेताना घर आपल्याला आवडते की नाही याला काही अर्थ नाही. गोव्यातला असा सौदा बुडतो तो दोन ठिकाणी: कागदात, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून या दोन जागा आधी तपासायच्या, बाल्कनीतून दिसणारी शेते नंतर बघायची.

भाडेकरू कोण, हे घर बघण्याआधी ठरवा

बारमाही राहणारा नोकरदार किंवा कुटुंब, दोन-तीन रात्रींसाठी येणारा पर्यटक, आणि सीझनपुरता चार-सहा महिने राहणारा, असे तीन प्रकारचे भाडेकरू इथे मिळतात. तिघांना लागणारे घर वेगळे आणि गावही वेगळे. एकच फ्लॅट तिघांनाही चालेल असे कोणी सांगू लागला तर तो विकायला बसला आहे, एवढे समजायचे.

बारमाही भाडेकरू नोकरी, शाळा आणि इस्पितळाच्या आसपास राहतो. पणजी, ताळगाव, पर्वरी, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को ही त्याची ठिकाणे. बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), ताळगाव पठारावर विद्यापीठ, फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय, झुआरीनगरला बिट्स, वेर्ण्याला आणि कुंडईला औद्योगिक वसाहती. नवा झुआरी पूल सुरू झाल्यापासून वेर्ण्याला नोकरी करून पणजीकडे राहणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे, त्यामुळे पुलाच्या दोन्ही बाजूंची मागणी बदलली. हणजूण, आसगाव, शिवोली, मोरजी, कांदोळी हा पर्यटकांचा पट्टा. दक्षिणेत कोलवा, बाणावली आणि खाली काणकोण. तिथे घराच्या किमतीत स्विमिंग पूल आणि पत्त्याचे नाव धरलेले असते, आणि तिथल्या किमतीत घेतलेले घर नोकरदाराला परवडेल अशा भाड्याने दिले तर गणित कधीच जुळत नाही.

पेडण्याबद्दल दोन शब्द. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि तालुक्यातल्या जमिनीचे भाव त्याआधीच उडाले होते. विमानतळामुळे भाडेकरू येतील हे खरे आहे. पण विमानतळावरच्या कर्मचाऱ्याला जे भाडे झेपते आणि जाहिरातीत जे छापलेले असते त्यांत मोठे अंतर आहे. पुढे होणाऱ्या गोष्टींचे पैसे आज देताना हे अंतर लक्षात ठेवा.

खरे भाडे किती, हे मालक म्हणून विचारू नका, भाडेकरू म्हणून विचारा. त्याच कॉलनीतल्या तीन-चार जाहिरातींवर फोन करा, घासाघीस करा, कुठवर उतरतात ते बघा. वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती अजूनही उपयोगी पडतात. आणि एक बिनखर्चाची तपासणी: ऑगस्टात, मधल्या वारी, रात्री आठ-साडेआठला त्या इमारतीसमोर उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. चाळीस फ्लॅटांपैकी नऊ घरांत उजेड असेल तर ब्रोकरला आणखी काही विचारायची गरज उरत नाही. वॉचमन बोलका असेल तर सोन्याहून पिवळे: पाणी किती वाजता येते, लिफ्ट कधीपासून बंद आहे, कोणत्या फ्लॅटात दर शनिवारी गोंधळ असतो, हे सगळे तो सांगतो.

कागद: इथे घाई करू नका

महाराष्ट्रातून येणाऱ्याला सातबारा ठाऊक असतो. गोव्यात त्याच्या जागी फॉर्म एक-चौदा. शहरी सर्व्हेच्या भागात फॉर्म डी. एक-चौदा ऑनलाइन निघतो, पण तो वाचायचा कसा हे पाहा. वर सर्व्हे नंबर आणि पोटविभाग, मग क्षेत्रफळ, मग कब्जेदाराचा रकाना. नवखा माणूस तिथे विक्रेत्याचे नाव बघतो आणि कागद मिटतो. खाली कुळाचा रकाना आहे, तो बघा. त्यानंतर ‘इतर हक्क’ हा रकाना, तोही बघा: तिथे मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा), वाट, बोजा, दाव्याची नोंद, काहीही सापडू शकते. शिवाय एक-चौदावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. मालकी येते ती विक्रीखत, वाटणी, इन्व्हेंटरीचा, म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या मोजदादीचा आणि वाटणीचा न्यायालयीन आदेश, आणि पोर्तुगीज काळातल्या भूनोंदणीतले वर्णन व नोंद यांच्या साखळीतून. ही जुनी कागदपत्रे पोर्तुगीज भाषेत असतात. ती वाचू शकणारा वकील गोव्यात मिळतो, आणि तोच शोधा.

दुसरी गोष्ट नात्यांची. गोव्यात आजही पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेला समान कौटुंबिक कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. अर्थ सरळ आहे: कागदावर एकट्या नवऱ्याचे नाव असले तरी विक्रीखतावर बायकोची सही हवी. ती नसेल तर सौदा लटकला. वारसांचेही तसेच. मुलांचा वाटा कायद्याने राखीव असल्यामुळे आजोबांच्या नावावरचे जुने घर एकच नातू ‘मीच बघतो सगळे’ म्हणून विकत असेल तर थांबायचे. हळदोण्याच्या किंवा साळगावच्या एखाद्या जुन्या घराची मालकी पाच भावंडांत असते. एक लिस्बनला, एक कॅनडात, एकाचे निधन झालेले आणि त्याची मुले ब्रिटनमध्ये. अशा वेळी न्यायालयामार्फत इन्व्हेंटरी पूर्ण झाली आहे का एवढाच प्रश्न विचारा. ‘चालू आहे’ असे उत्तर आले तर ‘झाल्यावर या’ म्हणा आणि टोकनही देऊ नका.

परदेशातल्या मालकांच्या जमिनी बनावट कागदांनी हडप करण्याचे प्रकार इतके वाढले की २०२२ मध्ये राज्य सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसला. तेव्हा मुखत्यारपत्रावर विक्री होत असेल तर दुप्पट सावध राहा. मुखत्यारपत्र खरे आहे का, देणारा हयात आहे का, त्याने ते रद्द तर केले नाही ना? शक्य असेल तर मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला. आणि नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

कूळ आणि मुंडकार हे गोव्याचे खास विषय. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे आणि राहते घर विकत घेण्याचा हक्कही. म्हणून भाटात, म्हणजे बागायतीत, कोपऱ्याला चिऱ्याचे छोटे घर दिसले, दारात तुळस आणि दोरीवर कपडे दिसले, तर ‘ते लोक जातील हो’ या आश्वासनावर एक पैसाही देऊ नका. ते जाणार नाहीत, आणि त्यांनी का जावे? शेतजमिनीवर कूळ असेल तर प्रश्न आणखी अवघड. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर तर २०२३ च्या कायद्याने बंदीच आहे. कोमुनिदादची, म्हणजे गावसमूहाच्या मालकीची जमीन हा वेगळाच गुंता: तिथली घरे स्वस्त मिळतात ती याच कारणासाठी. नवख्याने तिकडे वळूही नये.

आता झोन. जमीन सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरे बांधायला राखलेल्या भागात आहे का, हे नगरनियोजन खात्याच्या झोनिंग दाखल्यावर कळते; बिगरशेती वापराची सनद जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मिळते. दोन्ही लागतात. ‘ऑर्चर्डमध्ये (बागायती झोनमध्ये) आहे, पण सेटलमेंट करून देतो’ हे वाक्य गोव्यात रोज ऐकू येते. झोन बदलण्याच्या ज्या कलमांवर लोक भिस्त ठेवतात ती न्यायालयात वारंवार आव्हान दिलेली आहेत. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालच्या नियमांना तर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये दणका दिला. झोन बदलणार या आशेवर पैसे लावणे हा निराळा धंदा आहे, तो ज्यांना जमतो त्यांना करू द्या.

समुद्रकिनाऱ्याला सीआरझेड (किनारी भागातल्या बांधकामावरचे निर्बंध) लागते हे सर्वांना माहीत असते. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवरच्या नद्या आणि खाड्यांचे काठही त्यात येतात, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. शापोरा किंवा मांडवीकाठचे ‘रिव्हर व्ह्यू’ घर बघत असाल तर सीआरझेडचा नकाशा वकिलाकडून तपासून घ्या. किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची नोटीस पूर्वीच्या मालकाच्या नावाने येते आणि पाडकामाचा खर्च तुमच्या डोक्यावर पडतो.

इतके सगळे वाचून डोके फिरले असेल तर माझा सल्ला सोपा आहे: पहिली खरेदी तयार, राहता, ऑक्युपन्सी (राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेला फ्लॅट असू द्या. त्यासाठी बांधकाम परवाना, नगरनियोजन खात्याचा किंवा पीडीएचा (नियोजन व विकास प्राधिकरणाचा) पूर्णत्वाचा दाखला आणि पंचायत वा पालिकेचे ऑक्युपन्सी सर्टिफिकेट मागा. ऑक्युपन्सीच्या झेरॉक्सवर तुमच्या ब्लॉकचा आणि मजल्याचा उल्लेख आहे का ते वाचा. कधी ती फक्त ए ब्लॉकची असते आणि तुम्ही सी ब्लॉक घेत असता. बांधकाम चालू असेल तर गोवा रेराच्या (बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, ताबा देण्याची तारीख आणि तक्रारी बघा. रेराखाली नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ‘सगळे इथे असेच देतात’ म्हणणाऱ्याला कायदा दाखवा.

सब-रजिस्ट्रारकडून बोजा नसल्याचा दाखला घ्या, तीस वर्षांचा सर्च करून घ्या, आणि एका मराठी व एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. वकील तुमचा हवा, बिल्डरने सुचवलेला नको. वकिलाच्या फीत काटकसर करणारे लोक नंतर त्याच वकिलाला पाचपट फी देताना दिसतात.

खरेदीचा खरा आकडा

पर्वरीत जुना, तयार दोन बीएचके फ्लॅट ८० लाखांना मिळतो असे उदाहरणापुरते धरू. महाराष्ट्रात नोंदणी शुल्काला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. गोव्यात तशी नाही. इथे मुद्रांक शुल्क टक्क्यांत आणि नोंदणी शुल्कही टक्क्यांत. किमतीच्या टप्प्याप्रमाणे दर चढतात आणि अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ताजे दर सब-रजिस्ट्रारकडे विचारून घ्या. हिशेबाला मी दोन्ही मिळून ८ टक्के धरतो. म्हणजे ६ लाख ४० हजार. वकील, सर्च, नोटीस, इंजिनिअरची पाहणी मिळून ६० हजार. फर्निचर, पंखे, गीझर, एक एसी, किचन, रंग: ३ लाख. फ्लॅट ८० लाखांचा, पण खिशातून गेले ९० लाख. परताव्याची टक्केवारी या ९० लाखांवर काढायची. जाहिरातीत ती कायम ८० वर काढलेली असते.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर वर ५ टक्के जीएसटी. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतला तर जीएसटी नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा. विक्रेता अनिवासी असेल, आणि गोव्यात तो पुष्कळदा असतो, तर टीडीएसचा दर बराच जास्त आणि कापण्याची जबाबदारी तुमचीच. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला मालक आधार कार्ड दाखवून ‘एक टक्काच कापा’ म्हणाला तर सीएला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. न कापलेला कर खाते तुमच्याकडून वसूल करते, आणि तोवर विक्रेता परत लिस्बनला पोहोचलेला असतो.

बारमाही भाड्याचा हिशेब

त्याच फ्लॅटला महिना २५ हजार भाडे मिळते असे समजा. वर्षाचे ३ लाख, म्हणजे ८० लाखांवर पावणेचार टक्के. ब्रोकर इथे थांबतो. आपण पुढे जाऊ.

भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा धरा: हातात २ लाख ७५ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजार, म्हणजे ३६ हजार. घरपट्टी ५ हजार. दुरुस्ती ३० हजार. समुद्राची हवा आणि पाऊस यांमुळे गोव्यात यापेक्षा कमी धरू नका. ब्रोकरची एका महिन्याची दलाली २५ हजार. उरले १ लाख ७९ हजार. ९० लाखांवर जेमतेम २ टक्के. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते आणि तिचा नळ गळत नाही.

मग लोक घेतात कशाला? किंमत वाढेल म्हणून. हे कारण खोटे नाही, पण मग आपण भाड्यासाठी घर घेत नसून भाववाढीवर पैज लावतो आहोत, एवढे स्वतःशी तरी मान्य करावे. तशी पैज कर्ज काढून लावायची का, ते पुढच्या आकड्यावरून ठरवा. ८० लाखांवर ६० लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षे: हप्ता सुमारे ५२ हजार. भाडे २५ हजार. दरमहा २७ हजार पगारातून घालायचे, तेही वर्षानुवर्षे. घर रिकामे असेल त्या महिन्यात पूर्ण ५२. हे सहा महिने सलग झेपेल एवढी रक्कम बाजूला नसेल तर ते कर्ज काढू नका.

पर्यटकांना दिले तर?

इथेच बहुतेकांचे डोळे चमकतात, म्हणून हा हिशेब सावकाश करू. तोच फ्लॅट, पण सजावट जास्त लागते: ३ लाखांऐवजी ७ लाख. एकूण गुंतवणूक ९४ लाख.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी १२० रात्री. साठ टक्के भरल्या तर ७२ रात्री, सरासरी साडेचार हजार: ३ लाख २४ हजार. ऑक्टोबर, मार्च, एप्रिल, मे मिळून १२३ रात्री. चाळीस टक्के म्हणजे ४९, तीन हजारांनी १ लाख ४७ हजार. जून ते सप्टेंबर १२२ रात्री. वीस टक्के म्हणजे २४, दोन हजारांनी ४८ हजार. वर्षाचे ५ लाख १९ हजार. वरवर बघता बारमाही भाड्याच्या पावणेदोनपट!

आता वजाबाकी. बुकिंग पोर्टल आणि जागेवर किल्ल्या सांभाळणारा मॅनेजर मिळून ३५ टक्के नेतात: गेले १ लाख ८२ हजार. वीज आणि वायफाय ७२ हजार, कारण पर्यटक एसी लावून समुद्रावर जातो. वर्षाला साठेक फेऱ्या, प्रत्येक फेरीला साफसफाई आणि चादरी धुणे ८०० रुपये: ४८ हजार. मेंटेनन्स ३६, घरपट्टी ५, आणि फुटलेली भांडी, फाटलेल्या उशा, बिघडलेला गीझर यांचे ४० हजार. उरते १ लाख ३६ हजार. ९४ लाखांवर दीड टक्क्याच्याही आत.

हे आकडे माझ्या गृहीतकांवर उभे आहेत, तुम्ही तुमचे घाला. मालक स्वतः म्हापशात राहतो, किल्ल्या स्वतः देतो, बायकोच्या देखरेखीखाली मोलकरीण साफ करते, तेव्हा चित्र पार पालटते. म्हणजे कमाई जी होते ती बरीचशी त्यांच्या मेहनतीची. घराच्या किमतीवरचे ते व्याज धरू नका. पुण्यात बसून दूरस्थ पद्धतीने हा व्यवसाय करणाऱ्यांनी मॅनेजरचा करार वाचल्याशिवाय फ्लॅट बघायलाही जाऊ नये.

परवानगीचेही आहे. पर्यटकांना घर द्यायचे तर पर्यटन खात्याकडे १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद करावी लागते. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरायचा. सोसायटीच्या नियमांत रोजभाड्याला मनाई नाही ना, ते खरेदीआधी लेखी विचारा. शेजारच्या आजोबांनी पोलिसांत दोनदा फोन केला की तुमचा सीझन संपलाच.

‘हमखास ८ टक्के परतावा, तीन वर्षे’ अशी योजना देणारे बिल्डर भेटतील. ती रक्कम बहुतेक वेळा फ्लॅटच्या किमतीत आधीच चढवलेली असते. तुमचेच पैसे हप्त्याहप्त्याने परत. शेजारच्या, योजना नसलेल्या इमारतीचा चौरस मीटरचा दर विचारा, फरक लगेच दिसेल. हो, गोव्यात दर चौरस मीटरने बोलतात. एका चौरस मीटरचे पावणेअकरा चौरस फूट, आणि तुलना कार्पेट क्षेत्रफळावरच करा.

घर जुलैत बघा

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. डिसेंबरात आवडलेले घर जुलैत पुन्हा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सौदा तेवढा थांबत नसेल तर जाऊ द्या, दुसरा येईल.

आत शिरल्यावर पहिल्यांदा नाकाने तपासा. बंद घराचा कुबट वास अगरबत्तीखालूनही येतो. बेडरूममधले कपाट भिंतीपासून चार बोटे ओढून मागे बघा: काळे ठिपके, फुगलेला रंग, हाताला लागणारी पांढरी भुकटी. किचनच्या सिंकखालची फळी बोटाने दाबा. नैर्ऋत्येकडची भिंत, म्हणजे पाऊस झोडपतो ती बाजू, आतून नुकतीच रंगवलेली असेल तर का रंगवली ते विचारा. वरचा मजला असेल तर गच्चीवर जा. पत्र्याची शेड नुकतीच टाकलेली असेल तर खाली गळत होते. शेडला परवानगी आहे का, हा पुढचा प्रश्न. ग्रिल आणि एसीचे बाहेरचे युनिट बघा: किनाऱ्याजवळ गंज किती लवकर चढतो ते कळेल. जुने कौलारू घर असेल तर वासे आणि वाळवी तपासायला गावातला सुतार घेऊन जा, तो इंजिनिअरपेक्षा आधी सांगतो.

पाण्यासाठी मात्र उलट, एप्रिल-मेमध्ये चौकशी करा. बार्देश तालुक्याची मदार अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पावर, आणि त्याला पाणी मोठ्या प्रमाणात तिळारीच्या कालव्यातून येते. कालवा फुटला किंवा दुरुस्तीला बंद झाला की पर्वरीपासून कांदोळीपर्यंत टँकर धावू लागतात. सोसायटीची मागच्या वर्षीची टँकरची बिले मागा. दाखवत नसतील तर तोही एक दाखलाच झाला.

भाडेकरू, करार, कर

भाड्याचा करार लेखी आणि अकरा महिन्यांचा करण्याची रीत आहे. त्याहून लांब मुदतीचा असेल तर नोंदणी करा. गोव्यात १९६८ चा भाडेनियंत्रण कायदा आहे आणि अडून बसलेल्या भाडेकरूला काढायला वर्षे जातात, म्हणून अनामत आणि भाडेकरूची निवड या दोन गोष्टींत संकोच करू नका. आधीच्या घरमालकाला फोन करा. पोलिसांकडे भाडेकरूची पडताळणी करून पोचपावती जपून ठेवा; ही औपचारिकता नाही, घरात काही प्रकार घडला तर पहिला प्रश्न मालकाला विचारला जातो.

आयकरात भाड्यातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीचा खर्च कितीही होवो. नव्या करप्रणालीत कर्जाचे व्याज त्या भाड्यातून वजा होते, पण राहिलेला तोटा पगारातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत येतो. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षीचे व्याजच ५ लाखांच्या आसपास आहे, तेव्हा ‘व्याजाने कर वाचतो’ हे ऐकून हुरळून जाऊ नका. पर्यटकांकडून येणारे उत्पन्न साधारणपणे व्यवसायाचे धरले जाते, त्याचे नियम निराळे. तिथे सीए लागतोच.

विक्रीचाही विचार आजच करा. चोवीस महिन्यांनंतर विकले तर दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर, आणि जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घराला महागाईची सवलत नाही. गोव्यात ग्राहक मिळायला वेळ लागतो, विशेषतः किमती उंचावलेल्या गावांत जिथे विकणारे सगळे गुंतवणूकदार आणि घेणारेही गुंतवणूकदारच. स्थानिक कुटुंबाला घ्यावासा वाटेल असा फ्लॅट असेल, शाळा आणि बसचा थांबा जवळ, तर पडत्या काळातही गिऱ्हाईक येते.

विक्रीखताची नोंदणी झाली की काम संपले असे समजून लोक पेढे वाटतात. त्याच आठवड्यात पंचायतीत किंवा पालिकेत घरपट्टी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्या, विजेचे आणि पाण्याचे मीटर नावावर करून घ्या, सोसायटीत सदस्यत्व नोंदवा आणि जागेचा हिस्सा नावावर लागणार असेल तर म्युटेशनचा अर्ज मामलेदार कचेरीत टाका. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आधीच्या मालकाची थकबाकी असेल तर ती बहुधा याच वेळी बाहेर येते. म्हणून विक्रीखतावर सही होण्याआधीच विजेचे, पाण्याचे, घरपट्टीचे आणि मेंटेनन्सचे शेवटचे बिल भरल्याच्या पावत्या मागून घ्या. एखादी पावती आणायची राहिली असेल तर तेवढी रक्कम शेवटच्या हप्त्यातून रोखून ठेवा, आणि ती पावती हातात आल्यावरच चेक द्या.